थांबलेल्या बंबाची गोष्ट

सायरन वाजला की बाजूला व्हायचं, हे आता शाळकरी मुलांनाही सांगावं लागत नाही. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. रुग्णवाहिकेला किंवा अग्निशमन बंबाला वाट न देणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद १९४ ई या कलमानं झाली. संध्याकाळी सात वाजता कर्वे रस्त्यावर गाड्या खेटलेल्या असताना बाजूला म्हणजे नेमकं कुठे व्हायचं, हा प्रश्न आहेच. पण वाट देण्याची लोकांची इच्छा असते, एवढं मी रोज बघतो.

आज मला बोलायचंय ते धावणाऱ्या बंबाबद्दल नाही. तोच बंब, तीच रुग्णवाहिका थांबते तेव्हा काय होतं, त्याबद्दल बोलायचंय. कारण या गाड्या चोवीस तासांतला बहुतेक वेळ उभ्याच असतात. केंद्रात उभ्या असतात, इस्पितळाच्या दारात उभ्या असतात, आणि ज्या कामासाठी त्या धावतात ते कामही त्या उभ्या राहूनच करतात. पाण्याचा मारा उभ्या बंबातून होतो. रुग्णाला उभ्या रुग्णवाहिकेत चढवतात. धावण्याचं कौतुक सगळ्यांना. उभं राहण्याकडे मात्र लक्ष जातं ते काही विपरीत घडल्यावरच.

मी पुण्याजवळच्या एका मोठ्या कारखान्याच्या अग्निशमन दलात अठ्ठावीस वर्षं बंबचालक होतो. निवृत्त होऊन आता कोथरूडला डहाणूकर कॉलनीजवळ राहतो. नोकरीला लागलो तेव्हा आमचे तांडेल हे एका नगरपालिकेच्या दलातून आलेले जुने गृहस्थ होते. आम्ही त्यांना काका म्हणायचो. नव्या चालकाला ते पहिला महिनाभर गाडी पळवू द्यायचे नाहीत. नुसती उभी करायला लावायचे. चढावर, उतारावर, चिखलात, भिंतीला समांतर, भिंतीशी तिरकी. कुणी कुरकुर केली की म्हणायचे, "बाबा, पळवणारे पायलीचे पन्नास मिळतात. उभी करणारा दाखव मला."

त्यांचं म्हणणं कळायला बंबाचं वजन लक्षात घ्यावं लागतं. ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेल्या नेहमीच्या बंबात साडेचार हजार लिटरच्या आसपास पाणी असतं. म्हणजे नुसतं पाणीच साडेचार टन. त्यावर पंप, होज, शिड्या, माणसं आणि गाडीचं स्वतःचं वजन. असं धूड तुमच्याआमच्या मोटारीसारखं हँडब्रेक ओढला आणि उतरलो, असं सोडून देता येत नाही. कोथरूड नकाशावर सपाट दिसतं, पण पौड रस्त्याच्या टेकडीकडच्या अंगाला सुतारदरा, किष्किंधानगर, जय भवानीनगर, केळेवाडी या वस्त्यांत एकदा पायी चढून या. तिथे स्कूटर उभी करतानासुद्धा माणूस चाकाखाली दगड शोधतो. मोठा बंब त्या गल्ल्यांत वरपर्यंत जातच नाही. तो खाली उभा राहतो आणि होज हातांनी वर न्यावी लागते. त्या उभ्या बंबामागे, उताराच्या बाजूला, बघ्यांची गर्दी असते.

आता त्या बंबात काय चाललेलं असतं ते सांगतो. बहुतेक बंबांचा मोठा पंप गाडीच्या इंजिनावरच चालतो. इंजिनाची ताकद चाकांऐवजी पंपाकडे वळवणारी एक जोडणी असते, तिला आम्ही पीटीओ म्हणतो. म्हणजे गाडी जागच्या जागी उभी आणि इंजिन मात्र भरधाव असल्यासारखं घुमतंय. पीटीओचा दांडा पूर्ण बसला नसेल तर ती ताकद चाकांकडे जायला बघते. म्हणून नियम असा की बंब उभा राहिला की पार्किंग ब्रेक लावायचा, चाकाच्या पुढे आणि मागे दोन्हीकडे ठोकळे लावायचे आणि मगच पंपाला हात घालायचा. रस्त्याला कड असेल तर पुढची चाकं कडेकडे वळवून ठेवायची, म्हणजे गाडी सुटलीच तर कडेला अडेल, रस्त्यात येणार नाही. ठोकळ्यांच्या बाबतीत काका फार कडक होते. लाकडी ठोकळा तेलकट झाला की फेकून द्यायचे, आणि रस्त्यावरचा दगड तर चालायचाच नाही, कारण दगड फुटतो किंवा चाकासकट घसरतो. ठोकळा लावल्याशिवाय कुणी होजला हात लावला तर त्या दिवशी त्याला चहा नाही.

ब्रेकबद्दल एक गोष्ट सामान्य माणसाला ठाऊक नसते. मोठ्या गाड्यांचे ब्रेक हवेवर चालतात. आजच्या ट्रक-बसमध्ये पार्किंग ब्रेक जोरकस स्प्रिंगचा असतो. टाकीत हवेचा दाब असेपर्यंत तो स्प्रिंगला मागे दाबून धरतो. दाब गेला की स्प्रिंग सुटते आणि चाक जाम होतं. सुरक्षेच्या दृष्टीनं उत्तम. पण बंबासाठी त्यात एक गोम आहे. कुठे बारीक गळती असेल तर रात्रभरात हवा उतरते. पहाटे वर्दी आली, चालकानं इंजिन चालू केलं, तरी टाकीत पुरेसा दाब येईपर्यंत गाडी हलत नाही. ती मिनिटं बंबाला परवडणारी नसतात. म्हणून प्रत्येक पाळी बदलताना इंजिन चालू करून दाबाचा काटा बघायचा, गळतीचा आवाज कान लावून ऐकायचा, पाण्याची टाकी काठोकाठ आहे ना ते पाहायचं. सकाळी केंद्रासमोरून जाताना बंब नुसताच घुरघुरताना दिसला तर "फुकट डिझेल जाळतात" असं म्हणू नका. ती त्याची तपासणी चालू असते.

उभी गाडी नेमकी कशामुळे उभी आहे, हा प्रश्न किती महाग पडू शकतो याचं जगातलं मोठं उदाहरण कॅनडातलं आहे. गाडी रस्त्यावरची नव्हे, रुळांवरची होती, पण त्यात अग्निशमन दलाचा संबंध आहे म्हणून सांगतो. जुलै २०१३. क्वेबेक प्रांतात नांत नावाच्या गावाजवळ कच्च्या तेलाची मालगाडी रात्री उतारावर उभी करून ठेवली होती. चालकानं सात हँडब्रेक लावले, शिवाय पुढचं इंजिन चालूच ठेवलं. त्या इंजिनाच्या हवेवर बाकीचे ब्रेक धरलेले होते. तो गेल्यावर इंजिनाला आग लागली. स्थानिक अग्निशमन दल आलं, त्यांनी नियमाप्रमाणे इंजिन बंद करून आग विझवली आणि ते परत गेले. इंजिन बंद, म्हणजे हवा भरणं बंद. दाब हळूहळू उतरला. रेल्वेत आपल्या ट्रकसारखी स्प्रिंग नव्हती आणि सात हँडब्रेक त्या वजनाला पुरेसे नव्हते. तासाभरानं गाडी आपोआप निघाली, उतारावरून दहा-अकरा किलोमीटर धावली आणि लाक-मेगांतिक गावाच्या मध्यभागी घसरून पेटली. सत्तेचाळीस माणसं गेली. आग विझवणाऱ्यांनी आग नीटच विझवली होती. पण ते इंजिन गाडीला धरून ठेवतंय, हे त्या वेळी कुणी ताडलं नाही.

हे झालं आपोआप सुटणाऱ्या गाडीचं. आता कुणीतरी हातानं सोडवलेल्या गाडीचं बोलू. इथे पुणेकरांना आठवण करून द्यायची गरज नाही. २५ जानेवारी २०१२. सकाळी आठच्या सुमारास स्वारगेटच्या डेपोत उभी असलेली एसटी बस एका एसटीच्याच चालकानं बाहेर काढली आणि शहरातून वाट्टेल तशी पळवली. नऊ जण ठार झाले, तीसहून अधिक जखमी झाले. पोलिसांनी पाठलाग केला, आणि एका तरुणानं जिवावर उदार होऊन बसमध्ये शिरून तिला रोखायला मदत केली. खटला वर्षानुवर्षं चालला. पुण्याच्या न्यायालयानं दिलेली फाशी २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानं जन्मठेपेत बदलली. त्या चालकाच्या मनःस्थितीवर तेव्हा खूप लिहिलं गेलं. ते आवश्यकही होतं. माझ्यासारख्या माणसाच्या डोक्यात मात्र दुसराच प्रश्न घोळत राहिला. त्या सकाळी ती बस डेपोच्या फाटकाबाहेर येईपर्यंत तिला कोण अडवणार होतं? इतकी मोठी गाडी उभी असते तेव्हा तिची जबाबदारी कुणाच्या खांद्यावर असते?

एसटीला निदान कुलूप लावून ठेवता येतं. बंबाची आणि रुग्णवाहिकेची पंचाईत अशी की त्या क्षणात निघायला हव्यात. किल्ली साहेबांच्या टेबलाच्या खणात आणि साहेब जेवायला, असं चालत नाही. म्हणून किल्ली गाडीतच, किंवा हाताशी. म्हणजे गाडी तयार हवी आणि बंदिस्तही हवी. या दोन गोष्टी एकमेकींशी भांडतात, आणि ते भांडण कायमचं मिटत नाही. ते रोज सोडवावं लागतं.

केंद्रात ते सोपं असतं. शटर आहे, टेहळणीवर माणूस आहे, गाडीशेजारी खाटेवर माणसं आहेत. खरी अडचण रस्त्यावर. रुग्णवाहिका दारात येते, चालक आणि डॉक्टर स्ट्रेचर घेऊन तिसऱ्या मजल्यावर जातात. खाली गाडी इंजिन चालू, दिवे चालू, दार उघडं, आणि आत कुणी नाही. डिसेंबर २०२४ मध्ये हैदराबादजवळच्या हयातनगरहून एकानं १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका अशीच पळवली. सायरन वाजवत तो विजयवाड्याच्या महामार्गावरून निघाला. त्याला थांबवू पाहणाऱ्या एका पोलिसाला त्यानं धडक दिली आणि शेवटी सूर्यापेट जिल्ह्यात रस्त्यावर लॉऱ्या आडव्या लावून त्याला पकडावं लागलं. गंमत बघा, सायरन वाजवत चाललेल्या रुग्णवाहिकेला सगळा रस्ता वाट देत असतो. चोराला याहून सोयीची गाडी कुठली?

आपला कायदा या बाबतीत स्पष्ट आहे, फक्त तो कुणी वाचत नाही. मोटार वाहन कायद्याचं १२६ वं कलम सांगतं की सार्वजनिक जागी गाडी उभी असेल तर एक तर परवानाधारक माणूस चालकाच्या जागेवर बसलेला हवा, नाहीतर इंजिन बंद करून ब्रेक लावून, चालक नसताना ती आपोआप हलणार नाही अशी व्यवस्था केलेली हवी. ब्रिटनमधल्या रुग्णवाहिकांत आणि पोलिसांच्या गाड्यांत यावर एक यांत्रिक तोडगा असतो. चालक बटण दाबून किल्ली काढून घेतो, इंजिन चालूच राहतं, आतली यंत्रं चालू राहतात. पण किल्लीशिवाय कुणी गाडी हलवायचा प्रयत्न केला की इंजिन बंद पडतं. फार खर्चाची चीज नाही ही. आपल्याकडे प्रत्येक रुग्णवाहिकेत का नसावी, असं मला कितीदा तरी वाटतं. ती येईपर्यंत साधा उपाय म्हणजे माणूस. चालकानं गाडी सोडायची नाही. स्ट्रेचरला हात लावायला घरची, शेजारची माणसं पुढे व्हावीत. आमच्या इमारतीतल्या तरुण पोरांना मी हेच सांगून ठेवलंय की ॲम्ब्युलन्स आली की दोघांनी वर जायचं, आणि चालकदादांना म्हणायचं, "तुम्ही गाडीपाशीच थांबा, आम्ही आणतो."

इंजिन का चालू ठेवतात, यावरूनही भांडणं होतात. आमच्याकडे पहिल्या मजल्यावरच्या एक काकू खिडकीतून ओरडल्या होत्या, "अहो, धूर घरात येतोय, बंद करा ते!" त्यांचंही खोटं नव्हतं. पण आत ऑक्सिजनची यंत्रणा, मॉनिटर, कधी व्हेंटिलेटर, सक्शन, उन्हाळ्यात वातानुकूलन असतं, आणि ते सगळं बॅटरीवर किती वेळ ओढणार? म्हणून चांगल्या रुग्णवाहिकेला बाहेरून वीज घेण्यासाठी सॉकेट असतं. मुक्कामाच्या जागी ती तारेला जोडून उभी राहावी, हा त्यामागचा हेतू. आपल्याकडे मुक्कामाची जागा म्हणजे बहुधा एखाद्या इस्पितळाबाहेरचं झाड. तिथे सॉकेट कुठलं?

झाडाचंही एक सांगतो. एप्रिल-मे महिन्यात बंद रुग्णवाहिका उन्हात उभी राहिली तर आतली औषधं तापतात, ऑक्सिजनचे सिलिंडर तापतात, चालक तर तापतोच. म्हणून सावली हवी. आणि जूनमध्ये पहिल्या वादळी पावसात पुण्यात काय कोसळतं? झाडं. कोथरूडच्या जुन्या कॉलन्यांतले गुलमोहर दिसायला देखणे, पण त्यांच्या फांद्यांचा भरवसा नाही. म्हणजे उन्हाळ्यात जी जागा उत्तम, तीच पावसाळ्यात सोडायची. चार पत्रे ठोकून एक शेड उभी केली तर हा सगळा प्रश्न मिटतो. महाराष्ट्रात १०८ ची सेवा जानेवारी २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिका घेऊन सुरू झाली. एवढ्या गाड्यांची खरेदी करणाऱ्याला शेडचा खर्च जड जाऊ नये.

कोथरूडकरांना अभिमान वाटावा अशी एक गोष्ट मध्येच सांगतो. वेताळ टेकडीवर आपण सकाळी फिरायला जातो, तिथली १९६६ पासूनची 'एआरएआय', म्हणजे ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन, सगळ्यांच्या परिचयाची आहे. देशातल्या वाहनांची प्रमाणं ठरवणाऱ्या समितीचं सचिवालय तिच्याकडे आहे. रुग्णवाहिका कशी असावी, याचं एआयएस-१२५ हे प्रमाणही २०१४ साली त्याच वाटेनं आलं. त्यात रुग्णवाहिकांचे चार प्रकार केले आहेत. प्रथम मदत घेऊन पोचणाऱ्या गाडीपासून सगळी जीवरक्षक साधनं असलेल्या गाडीपर्यंत. त्याआधी काय होतं? मारुती व्हॅन घ्यायची, मागची सीट काढायची, एक बाकडं टाकायचं, वर लाल दिवा लावायचा, की झाली रुग्णवाहिका!

प्रमाणाचा आणि गाडी उभी करण्याचा संबंध असा की आतली प्रत्येक वस्तू जखडलेली हवी. गाडी बाहेरून स्थिर असून भागत नाही. युरोपात यासाठी जे प्रमाण वापरतात त्यात स्ट्रेचर आणि साधनं अशा ताकदीनं बांधलेली असावी लागतात की स्वतःच्या वजनाच्या दहापट जोराचा धक्का बसला तरी ती सुटू नयेत. आपण काय बघतो? सिलिंडर कोपऱ्यात उभा, सुतळीनं खिडकीच्या गजाला बांधलेला. कचकन ब्रेक लागला की तो लोळतो, आणि लोळताना त्याची तोटी कशावर आपटली तर पुढचं सांगायला नको.

नोव्हेंबर २०२४ मध्ये जळगावात महामार्गावर काय झालं ते आठवा. रुग्णवाहिकेत गर्भवती महिला होती, तिचे नातेवाईक होते. चालकाला इंजिनातून धूर दिसला. त्यानं गाडी थांबवली, सगळ्यांना खाली उतरवून लांब नेलं, आजूबाजूच्या लोकांनाही दूर व्हायला सांगितलं. थोड्याच वेळात गाडी पेटली आणि आतला ऑक्सिजनचा सिलिंडर फुटला. आसपासच्या घरांच्या काचा तडकल्या, पण जीव कुणाचाच गेला नाही. त्या चालकानं पुलावर, वस्तीजवळ, काही मिनिटांत जे ठरवलं ते आमच्या प्रशिक्षणात शिकवायला आठवडा लागला असता. धूर दिसल्यावर "अजून चार किलोमीटर काढू, पोचतोच" असं त्याच्या मनात आलं असतं तर?

आता महामार्गावर. कोथरूडच्या पलीकडे चांदणी चौकातून निघालात की वारजे आणि पुढे नवले पूल. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार कुप्रसिद्ध आहे. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एका अवजड वाहनानं एकामागून एक कितीतरी गाड्या ठोकरल्या. अशा ठिकाणी पहिला अपघात झाल्यावर मदतीला आलेली गाडी कुठे उभी राहते, यावर दुसरा अपघात होणार की नाही ते ठरतं. हे मी वाढवून सांगत नाही. जुलै २०२३ मध्ये अहमदाबादच्या इस्कॉन पुलावर एक अपघात झाला होता. मदतीला आणि बघायला लोक जमले, पोलिसही आले. आणि त्या उभ्या घोळक्यात भरधाव मोटार घुसली. नऊ जण गेले. त्यांत बंदोबस्तावरचे कर्मचारीही होते.

म्हणून रस्त्यावरच्या अपघातात मोठी गाडी, म्हणजे बंब, अपघातस्थळाच्या अलीकडे, येणाऱ्या वाहतुकीच्या बाजूला उभी करायची असते. आणि सरळ नाही, तिरकी. तिरकी गाडी लांबून आडव्या भिंतीसारखी दिसते, आणि कुणी मागून आदळलंच तर बंब कडेला ढकलला जातो, थेट माणसांवर जात नाही. पुढची चाकं काम करणाऱ्यांपासून दूर वळवून ठेवायची, तेही याचसाठी. बंबाच्या आड, त्या सावलीत, रुग्णवाहिका उभी करायची. तिचं मागचं दार अपघाताच्या बाजूला आणि मागे दहा फूट मोकळे, स्ट्रेचर वळायला. रात्रीच्या वेळी पुढचे मोठे दिवे बंद करायचे. समोरून येणाऱ्याचे डोळे दिपले की त्याला ना बंब दिसतो ना माणूस. लुकलुकणारे दिवे पुरतात. हे वाचायला सोपं आहे. पण घाबरलेल्या चालकाला सगळ्यात स्वाभाविक वाटतं ते म्हणजे अपघाताच्या पुढे जाऊन, जागा दिसेल तिथे गाडी घालणं. म्हणून काका आम्हाला कारखान्याच्या आवारात डबे ठेवून, त्यांना जखमी माणसं समजून, हे पुनःपुन्हा करायला लावायचे. आणि मोटारीतून जाणाऱ्यांनी काय करायचं? वेग कमी करायचा, पलीकडची लेन घ्यायची, आणि फोन काढून चित्र घेत थांबायचं नाही. अमेरिकेत उभ्या आपत्कालीन गाडीजवळून जाताना लेन सोडावी किंवा वेग कमी करावा, असे कायदे सगळ्या राज्यांत आहेत. आपला कायदा धावणाऱ्या गाडीला वाट देण्याचं सांगतो. उभ्या गाडीला अंतर द्यावं, हे आपण आपल्याकडूनच शिकायचं.

शेवटी घरच्या गल्लीकडे येतो. आमच्या गल्लीत दुमजली बंगले होते तेव्हा तिची जी रुंदी होती, तीच आज सात मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्यावरही आहे. गाड्या मात्र चौपट. राष्ट्रीय इमारत संहिता, २०१६ ची, उंच इमारतींसाठी सांगते की मुख्य फाटक किमान सहा मीटर रुंद हवं, फाटकावर कमान असेल तर खालून साडेचार मीटर मोकळी उंची हवी, बंबाला वळायला नऊ मीटर त्रिज्येची जागा हवी, आणि आवारातली वाट पंचेचाळीस टनांचं वजन पेलेल अशी पक्की हवी. बहुतेक नव्या इमारतींच्या नकाशांत हे सगळं असतं. मग फाटकात सिक्युरिटीची केबिन येते, वाटेवर पाहुण्यांचं पार्किंग आखलं जातं, वळणावर कुंड्या येतात. गणपतीत मांडव येतो. बंब आत येऊन उभा राहण्याची जागा कागदावर शिल्लक राहते.

आग विझवण्याच्या नळाच्या, म्हणजे हायड्रंटच्या तोंडाशी गाडी लावू नये, हा नियम रस्त्याच्या नियमावलीत १९८९ पासून होता. रात्री फेरी मारून बघा, तुमच्या इमारतीत त्या तांबड्या नळापुढे कुणाची स्कूटर आहे. आमच्याकडे होती. मालकांना विचारलं तर म्हणाले, "अहो, तिथे कुणीच लावत नाही म्हणून मला जागा मिळते." आता तिथे जमिनीवर पिवळा पट्टा मारलाय, आणि रखवालदार मामांकडे रात्री उभ्या असणाऱ्या प्रत्येक गाडीच्या मालकाचा फोन आणि घराचा क्रमांक लिहिलेली वही आहे. दुहेरी रांगेत लावणाऱ्यांनी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवावी, म्हणजे ढकलता येईल, असं एकानं बैठकीत सुचवलं. सपाट आवारात ते चालेल. आमच्या गल्लीला उतार आहे, तिथे नाही. शेवटी असं ठरलं की फाटकापासून पहिल्या वळणापर्यंत एका बाजूला रात्री काहीच लावायचं नाही, मग पाहुण्यांच्या गाड्या मुख्य रस्त्यावर राहिल्या तरी चालतील. दोन घरांनी अजून मान्य केलेलं नाही. पुढची बैठक येत्या रविवारी सकाळी दहा वाजता आहे, आणि तिथे जाताना मी घरातून मोजपट्टी घेऊन जाणार आहे.